अम्लपित्ताचा दाखला

लढाई चालू होती त्या वर्षांत मी साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत मराठी आणि भूगोल शिकवत होते. मला तेव्हा अठ्ठाविसावं लागलं होतं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आतच नवरा विषमज्वराने गेला. थोरल्या भावाने घरच्यांशी भांडून मला शिकवलं, आणि ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडल्यावर ही नोकरी मिळाली. भाऊ सांगलीला कोर्टात कारकून होता. मी साताऱ्यात एकटी, एका घराच्या माडीवरच्या दोन खोल्यांत. खाली घराच्या मालकीणबाई, त्यांचे यजमान आणि दोन सुना.

आजार सुरू कधी झाला ते मला नेमकं सांगता येणार नाही. सकाळी भात आणि आमटी टाकून शाळेत जायचं, उरलेली आमटी रात्री पुन्हा गरम करून खायची, आणि मध्ये तीन वेळा चहा, असा माझा क्रम होता. एकटीसाठी चार पदार्थ करायचा उत्साह नव्हता. मग कधीतरी छातीच्या मधोमध जळजळ सुरू झाली. खाली पडलेला खडू उचलायला वाकलं की आंबट, कडवट पाणी घशाशी यायचं. वर्गात ते थुंकणार कुठे? मी गिळून टाकायचे आणि पुन्हा नद्यांची नावं सांगायला लागायचे. पुढे पुढे आवाज बसला. मुलींना वाटायचं, बाई रागावल्यात. सगळा वर्ग चिडीचूप व्हायचा, आणि मी त्यांना कशी सांगणार की मी रागावलेले नाही, माझा घसा भाजलाय.

रात्री आडवं झालं की ते पाणी आणखी वर चढे. मी वळकटी भिंतीला लावून बसल्या बसल्या झोपायला शिकले.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला, खायच्या सोड्याचा. चिमूटभर सोडा पाण्यात टाकून प्यायचा. मोठी ढेकर येई, तासभर बरं वाटे आणि मग आग पहिल्यापेक्षा जास्त. तरी सोड्याची पुडी मी सदैव कनवटीला ठेवायचे. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षिका डबे एकत्र उघडत असू. कुणी ठेचा आणी, कुणी लसणाची चटणी, कुणी झणझणीत वांगं. मी नको म्हणायला लागले. पहिल्यांदा त्यांनी आग्रह केला, मग हसल्या, आणि एकदा दाराबाहेरून माझ्या कानावर आलं की यांना आपल्या हातचं चालत नाही. त्यानंतर मी माझा डबा नकाशांच्या खोलीत नेऊन खाऊ लागले. तिथे एक मोडका पृथ्वीचा गोल होता. दूधभात खाताना समोर तो असे.

पेठेत एक वृद्ध वैद्य होते, त्यांच्याकडे गेले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, काय खाता ते विचारलं आणि ऊर्ध्वग अम्लपित्त असं नाव सांगितलं. पित्त खाली जायचं सोडून वर येतं तो प्रकार. सूतशेखराची मात्रा दुधातून, दुपारी ज्येष्ठमधाचं चाटण, सकाळी मोरावळा आणि जेवणाऐवजी साळीच्या लाह्या. चहा बंद, तिखट बंद, तेलकट बंद. मी मन लावून सगळं केलं. दोन महिने खरोखरच बरं वाटलं. मग सहामाही परीक्षा आल्या, पेपर तपासायची जाग्रणं झाली, आणि सगळं परत आलं. आता सकाळी उठल्या उठल्या उलटीही होऊ लागली.

वैद्यबुवा म्हणाले, औषधाने दबलं पण गेलं नाही, आता वमन करावं लागेल. म्हणजे मुद्दाम ओकारी काढून पित्त बाहेर टाकायचं. सकाळी ज्येष्ठमधाचा काढा पोट तुडुंब होईपर्यंत प्यायचा, त्यात गेळफळाचं चूर्ण घालायचं, की थोड्या वेळाने आपोआप उचमळतं. पुरुषांना ते आपल्या घरीच हा उपचार देत. बायकांनी मात्र त्यांच्या स्वतःच्या घरी, जवळचं कुणीतरी पाठीशी बसवून करावं, असं त्यांनी सांगितलं. जवळचं कोण, ते त्यांनी विचारलं नाही. मीही हो म्हणून पुड्या घेऊन आले.

खालच्या कुणाला बोलवायचा मला संकोच वाटला. रविवार होता. मोरीपाशी पाट ठेवला, काढ्याचं पातेलं घेतलं आणि एकटीच बसले. दुसऱ्या तांब्यानंतर जे सुरू झालं ते तासभर थांबेना. पोटातलं सगळं गेल्यावरही आतडी पिळवटत राहिली. शेवटी हिरवं पित्त पडलं आणि मी मोरीच्या कठड्याला डोकं टेकून पडून राहिले. कुणी तोंड धुवायला पाणी द्यावं असं फार वाटत होतं. तांब्या हाताच्या अंतरावर होता, पण तिथवर हात जाईना.

खाली सगळं ऐकू गेलं होतं.

संध्याकाळी मालकीणबाई वर आल्या. वर्षभरात त्या माझ्या खोलीत एकदाही आल्या नव्हत्या. त्यांनी नजर फिरवली. फडताळात मोरावळ्याची बरणी होती, कोपऱ्यात लाह्यांची पिशवी. मी वैद्यांचं, वमनाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमची पाळी वेळेवर येते ना?"

मला क्षणभर प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मी इतकंच म्हणाले की येते. त्या बरं म्हणून खाली गेल्या. रोज सकाळच्या उलट्या, फडताळात आंबट, आणि वर राहणारी एकटी विधवा: त्यांनी हिशेब केव्हाच जुळवून ठेवला होता.

पंधरा दिवसांत तो हिशेब शाळेत पोचला. मुख्याध्यापिकाबाई वयस्कर होत्या, मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं, दार लोटलं, आणि टेबलावरचा कागद इकडचा तिकडे करत म्हणाल्या की संस्थेच्या चिटणीसांकडे कुणीतरी बोललं आहे, त्यांचा स्वतःचा विश्वास नाही, पण मुलींची शाळा आहे. चिटणीसांना डॉक्टरचा दाखला हवा होता. कसला दाखला, ते त्या बोलल्या नाहीत. मी विचारलंही नाही. साताऱ्यातल्या दवाखान्याच्या पायरीवर मला कुणी पाहिलं असतं तर त्याचा आणखी वेगळाच अर्थ लागला असता, म्हणून मी सांगलीला जाऊन येते असं सांगितलं आणि महिन्याची रजा मागितली. त्यांनी लगेच दिली. त्या इतक्या लगेच देतील असं मला वाटलं नव्हतं.

भावाला पत्र टाकलं. पत्रात आजाराचं लिहिलं आणि दाखल्याचंही लिहिलं, कारण त्याच्यापासून मी कधी काही लपवलं नव्हतं. मोटारीने कोरेगावला आले आणि तिथून गाडीत बसले. बायकांच्या डब्यात एक म्हातारी भाकरीवर झुणका घेऊन बसली होती. तिने मला अर्धी भाकरी पुढे केली. मी नको म्हटलं. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि भाकरी परत फडक्यात बांधली. मिरजेला गाडी बदलून सांगलीला उतरले तेव्हा ऊन कलतं झालं होतं.

भाऊ टांगा घेऊन आला होता. माझी ट्रंक त्याने स्वतः उचलून ठेवली. मी खंगलेय असं म्हणाला. टांगा गणपतीच्या देवळाकडे वळला तेव्हा, टांगेवाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, रस्त्याकडे पाहत तो म्हणाला, "तू मला तरी खरं सांग. मी काही करून निभावून नेईन."

त्याने हे प्रेमाने विचारलं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला शिकवण्यासाठी ज्याने वडिलांशी दोन वर्षं अबोला धरला, तोसुद्धा गाडीच्या वेळेपर्यंत तेच मनात घोळवत फलाटावर उभा होता, हेही कळलं. मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा मला राग आला होता. आता राग आला नाही. मी म्हणाले, "दादा, मला अम्लपित्त झालंय." त्याने मान हलवली. घर येईपर्यंत आम्ही दोघंही घोड्याच्या पाठीकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी भावजयीबरोबर एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांचा बायकांचा छोटा दवाखाना होता, आठ खाटांचा. बाई पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. माझी तपासणी त्यांनी सगळी केली, चिटणीसांना हवी होती तीही. नंतर मला एक्स-रे काढायला मिरजेला पाठवलं. तिथे खडू कालवल्यासारखं जाड पांढरं पाणी प्यायला दिलं, अंधाऱ्या खोलीत एका फळीवर उभं केलं आणि मग फळी आडवी केली. माझ्या पोटातून ते पांढरं पाणी छातीकडे परत चढताना तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं. मला फार समाधान वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी ते पाहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून नीट समजावलं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक पकड असते. अन्न खाली गेलं की ती मिटते. माझी पकड ढिली पडली होती, म्हणून जठरातलं आम्ल वर येत होतं आणि नळीचं अस्तर भाजत होतं. जठरात व्रण नव्हता. व्रण असता तर शस्त्रक्रियेचा विचार करता आला असता, पण या दुखण्यासाठी पोट उघडायचं म्हणजे जीव धोक्यात घालणं, असं त्यांचं मत पडलं. त्यापेक्षा तीन आठवडे इथे राहून दर तासाला दूध आणि त्याच्याबरोबर आम्ल मारणारी पावडर घ्यायची. सोडा कायमचा बंद. भाजलेलं अस्तर त्याने भरून येईल, पण पकड घट्ट होईल असं आश्वासन त्यांना देता येत नव्हतं. ते पुढे जन्मभर सांभाळायचं.

"जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. "खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला. आणि लुगड्याची गाठ एवढी आवळू नका, पोट दाबलं जातं." ही शेवटची गोष्ट मला ना वैद्यांनी सांगितली होती ना आणखी कुणी. पुरुष वैद्य ते कसं सांगणार होते म्हणा.

ते तीन आठवडे मी खाटेवर पडून तासातासाला घंटेवर दूध प्यायले. शेजारच्या खाटेवर कोरेगावकडची एक शेतकरीण होती, माझ्याच वयाची. तिच्या जठरात व्रण होता, म्हणून तिलाही तोच दुधाचा उपचार. तिचा नवरा फौजेत होता, ब्रह्मदेशाच्या बाजूला, आणि पाच महिने त्याचं पत्र नव्हतं. शेवटचं पत्र तिने उशीच्या अभ्र्यात ठेवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. मी ते रोज एकदा वाचून दाखवायचे. पत्र म्हणजे चार ओळी, पलटणीतल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या: खुशाल आहे, बैलाची काळजी घ्या, आईस दंडवत. ती डोळे मिटून ऐकायची आणि शेवटी "बैलाचं फिरून वाचा" म्हणायची. बैलाच्या ओळीतले शब्द त्याच्या बोलण्यातले होते, बाकीचे लिहिणाऱ्याचे, असं तिचं म्हणणं.

माझ्याकडे कोण येतं, मी कोण, नवरा कुठे, यातलं तिने काहीच विचारलं नाही. माझं कपाळ तिला दिसत होतं. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मीच तिला सगळं सांगितलं. सोडा, वैद्य, वमन, मालकीणबाई, चिटणीस, टांग्यातला भाऊ. सांगून झाल्यावर ती उठून बसली.

"म्हंजे तुमी एकलीनंच वकारी काढली?" ती म्हणाली. "पाठीवर हात ठिवाया कुनी न्हवतं?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "लय वंगाळ झालं." मग घंटा झाली आणि नर्स दुधाचे पेले घेऊन आली. मी भिंतीकडे तोंड करून प्यायले, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि ते दुधात पडत होतं.

भाऊ रोज कोर्टातून येताना डोकावायचा. डॉक्टरीणबाईंनी त्याला एक्स-रेची काच उजेडात धरून दाखवली, त्या दिवशी तो माझ्या खाटेशी येऊन उभाच राहिला. शेवटी म्हणाला की त्याने तसं विचारायला नको होतं. मी हो म्हणाले. नको होतं. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, आणि तो वारला तोवर कधी भांडलोही नाही. पण त्यानंतरच्या माझ्या पत्रांत मी फक्त हवापाणी लिहीत गेले.

तिसऱ्या आठवड्याअखेर छातीतली आग जवळजवळ थांबली होती. निघायच्या दिवशी दाखल्याचा विषय निघाला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रोगाचं नाव, एक्स-रेत काय दिसलं, काय उपचार केला ते लिहिलं आणि खाली सही केली. मी वाचलं आणि चाचरत म्हणाले की त्यांना आणखी एक ओळ हवी असेल.

"मला माहीत आहे त्यांना काय हवंय," त्या म्हणाल्या. "मी असलेल्या रोगाचा दाखला देते. नसलेल्या गोष्टीचा देत नाही."

मला नोकरी हवी होती. नोकरी गेली असती तर मी भावाच्या घरी, भावजयीच्या हाताखाली, आणि त्या टांग्यातल्या प्रश्नाच्या सोबतीने राहिले असते. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांनी दुसरा कागद ओढला, रागारागाने दोन ओळी लिहिल्या आणि घडी घालून वेगळा दिला. अगदी अडलं तरच दाखवा, एवढं बोलून त्या दुसऱ्या पेशंटकडे वळल्या.

साताऱ्याला परत गेल्यावर मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतच चिटणीस बसले होते. मी पहिला कागद पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

दुसरा कागद माझ्या पिशवीत होता. माझा हात पिशवीवर होता, बोटांना घडी लागत होती. आजही मला नीट सांगता येत नाही की मी तो का काढला नाही. "एवढंच," मी म्हणाले. ते मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहू लागले. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की बाईंचे वर्ग महिनाभर रिकामे आहेत, त्यांनी उद्यापासून यावं. चिटणीसांनी कागद खिशात घातला. तो दुसरा कागद मी त्याच संध्याकाळी चुलीत टाकला.

नोकरी राहिली. मी विटा शोधतेय हे कळल्यावर मालकीणबाईंनी स्वतः होऊन माळ्यावरच्या चार विटा काढून दिल्या, पण त्या कशासाठी हव्यात ते विचारलं नाही. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही त्यांच्या सुना जिन्यात भेटल्या की भिंतीला सरकून मला वाट देत. मी संध्याकाळी पाचलाच जेवू लागले. उजेडात, खिडकीशी. मऊ भात, दूध, कधी उकडलेला भोपळा. रस्त्यावरून फिरायला निघालेल्या माझ्या सहकारी शिक्षिका दिसायच्या. मी जेवत असल्याचं पाहून त्या हाक मारत नसत. आजार गेला नाही, पण मुठीत राहिला. चुकून तळलेलं खाल्लं किंवा परीक्षेच्या दिवसांत वेळ टळली की तो आठवण देई, आणि मी पुन्हा आठवडाभर दुधावर जाई.

शेजारच्या खाटेवरच्या त्या बाईने निघताना मला गावाचं नाव सांगून बजावलं होतं, सोमवारी बाजाराला कोरेगावला या, कुणालाबी इचारा, घर दावतील. लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात एका सोमवारी सुट्टी होती, तेव्हा मी मोटारीने गेले. तिच्यासाठी एक अंकलिपी घेतली होती. बाजारात तिच्या गावचं माणूस भेटलं, त्यामुळे घर लगेच सापडलं. दारात बैल बांधलेला होता. सासू शेंगा फोडत बसली होती.

"आवं, ती गेली की त्येच्याकडं," सासू म्हणाली. "जित्ता परत आला पोरगा. आता बेळगावच्या छावनीत हाय. दोगंबी तितंच हाईत."

मला खूप आनंद झाला, तसं मी बोललेही. पोटाचं कसं आहे विचारलं, तर बरं असतं म्हणाली. मी कोण ते सांगितलं. सून तुमचं लय नाव काढायची, असं म्हणून ती आत गेली आणि पितळी पेला भरून ताक घेऊन आली. आंबट, वर हिरव्या मिरचीचा ठेचा कालवलेलं. नको म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. सासूने पेला माझ्या हातात दिला आणि समोर बसून राहिली, मी पिते कधी ते बघत. मी सगळं प्यायले. अंकलिपी तिच्याकडे दिली, सुनेला पाठवा म्हटलं.

परतीच्या मोटारीत पहिल्या चढालाच घशाशी आलं. शेजारची जागा रिकामी होती. मी लुगड्याची गाठ सैल केली, पुढच्या बाकाची दांडी धरून ताठ बसले आणि सातारा येईपर्यंत ते आंबट गिळत राहिले.